ऑन

भिवंडीत ‘ऑन’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नवी गाडी दारात आली की शेजारी विचारतो, कितीला पडली? उत्तर दोन आकड्यांत येतं. पहिला आकडा मोठ्याने, दुसरा आवाज उतरवून. “सतरा लाख. आणि दोन ऑन.” बाहेरगावच्या माणसाचा इथे घोटाळा होतो. त्याला वाटतं, ऑन म्हणजे ऑन-रोड. ते निराळं. ऑन-रोडमध्ये विमा येतो, रस्ता कर येतो, नोंदणी येते आणि प्रत्येकाची पावती मिळते. ऑन म्हणजे शोरूमच्या किमतीवर, रांग ओलांडण्यासाठी हातावर ठेवलेली रक्कम. तिला पावती नसते. जमिनीच्या सौद्यात हाच शब्द, फ्लॅटच्या सौद्यात हाच, आणि आयकराच्या खटल्यांमध्येही तो ‘ऑन-मनी’ म्हणून जाऊन बसलेला आहे.

माझा जन्म या गावातला. मागांच्या खटखटाटात अभ्यास केला, पुढे इथल्याच मुलांना शिकवलं. ऑन देणारे पाहिले, घेणारे पाहिले. आमच्या घरानेही एकदा ऑन घेतला आहे, तेही सांगणार आहे. पण आधी माझ्या मित्राच्या मुलाची गाडी.

हा मित्र शाळेपासूनचा. आगरी कुटुंब, काल्हेरच्या बाजूचं. बापाची भातशेती होती आणि खाडीची मासळी होती. मुंबईच्या वेशीवर जकात होती तोवर माल वेशीबाहेर उतरवून ठेवणं व्यापाऱ्यांना परवडायचं, म्हणून काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली अशी एकेका गावाची शेतं गोदामांखाली गेली. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत. उलट पडघ्यापर्यंत पसरली. भाड्याचे चेक दर महिन्याला येऊ लागले. ज्या घरात सायकल नव्हती तिथे चार गाड्या उभ्या राहिल्या. फेब्रुवारी 2021 मध्ये तालुक्यातल्या एका दूध व्यावसायिकाने हेलिकॉप्टर घेतल्याची बातमी देशभर गाजली, तेव्हा परगावचे लोक चकित झाले. आम्हाला एवढंच वाटलं, आता उतरायला जागा कुठे करणार?

मित्राच्या मुलाचं लग्न 2022 च्या फेब्रुवारीत ठरलं होतं. त्याला थार हवी होती. थार काही स्पोर्ट्स कार नव्हे, हे मला कळतं. पण स्पोर्ट्स कार माणूस ज्यासाठी घेतो, म्हणजे वेग, रुबाब, चारचौघांत उठून दिसणं, ते सगळं आमच्याकडच्या पोरांसाठी त्या गाडीत आहे. दोनच दरवाजे, मागची सीट नावाला, टप काढता येतो; घरातल्या म्हातारीला चढता येत नाही. या गाडीच्या कौतुकाचा आकडा सगळ्या देशाने पाहिला होता. 2 ऑक्टोबर 2020 ला ती 9 लाख 80 हजारांपासून बाजारात आली, आणि त्याच्या आधी काही दिवस कंपनीने पहिल्या क्रमांकाच्या गाडीचा लिलाव केला, तो गेला 1 कोटी 11 लाखांवर. ते पैसे कोविडच्या मदतकार्याला दिले गेले. दहा लाखांची वस्तू एका माणसाने कोटीला घेतली, उघड बोली लावून, सगळ्यांच्या देखत. तो ऑनच होता. पण त्या ऑनचा हिशोब जगाला माहीत होता, आणि म्हणून मला त्यात खटकण्यासारखं काही दिसत नाही.

मित्राने सप्टेंबर 2021 मध्ये बुकिंग केलं. शोरूमने दहा महिने सांगितले. ते खोटं नव्हतं. कोविडनंतर चिप्सचा तुटवडा सगळ्या जगात होता आणि कारखाने अर्धवट तयार गाड्या अंगणात उभ्या करून चिपची वाट पाहत होते. दहा महिने म्हणजे जुलै. लग्न फेब्रुवारीत. मी म्हटलं, लग्नानंतर येईल, काय बिघडलं? तो माझ्याकडे बघत राहिला.

“मास्तर, पोराची हलद हाय. त्या राती गारी दारान नाय तं मंग काय कामाची?”

आगरी हळद ज्याने पाहिली नाही त्याला हे पटायचं नाही. लग्न दुसऱ्या दिवशी असतं, पण गाव जमतं हळदीला. धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते, मांडवात पाचशे ते हजार पानं उठतात, पहाटेपर्यंत नाच चालतो. त्या रात्री घराने जे कमावलं ते गावाच्या डोळ्यांपुढे यावं लागतं. जुलैत आलेली गाडी ही फक्त गाडी. हळदीच्या रात्री हार घालून उभी असलेली गाडी हा कुटुंबाचा शब्द. तेव्हा ऑन दिला जातो तो लोखंडासाठी नव्हे, तारखेसाठी. हे मला त्या दिवशी कळलं.

गाडी मिळाली. नाशिकहून आली. थार नाशिकलाच बनते आणि तिथून गाड्यांनी भरलेले लांबलचक कंटेनर रोज आमच्या महामार्गावरून पडघा, वडपे, मानकोली असे मुंबईकडे उतरतात. पण ही त्या कंटेनरमधून आली नाही, चालवत आणली. काट्यावर 190 किलोमीटर. सीटचं प्लॅस्टिक शाबूत, आत नव्या रबराचा वास. आणि नंबर मात्र एमएच 15, नोंदणी नाशिकच्या एका माणसाच्या नावावर, तीन आठवड्यांपूर्वीची. बुकिंग दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, असा शोरूमचा नियम. म्हणून काही लोक आरंभीच चार-सहा बुकिंग वेगवेगळ्या नावांनी करून ठेवतात, गाडी आली की त्याच नावावर नोंदवतात आणि महिन्याच्या आत विकतात. घेणारा कागदावर दुसरा मालक होतो. गाडी कोरी, मालक दुसरा. त्या वर्षी वापरलेल्या थारला नवीपेक्षा जास्त भाव होता, तो यामुळे. माझ्या मित्राने दोन लाख जास्त मोजले.

पैसे दिले त्या संध्याकाळी मी तिथे होतो. गोदामाच्या ऑफिसात, लोखंडी टेबलावर. चेकने द्यायची रक्कम चेकने दिली, बँकेचं कर्ज बँकेतून गेलं. दोन लाख निराळ्या पिशवीत होते. गाडी आणणारा तिशीचा, अदबीने वागणारा मुलगा होता, त्याने नोटा मोजल्या नाहीत, बंडलं फक्त उलटून पाहिली. मी त्याला विचारलं, गाडी तुझी होती का? तो म्हणाला, “नाही सर, मी फक्त जोडून देतो.” ज्याच्या नावावर गाडी होती तोही ती चालवणारा नव्हता. गाडी बनवणारा नाशिकचा कामगार, ती विकणारं शोरूम, ती हवी असणारा मुलगा, यांच्यामध्ये दोन माणसं उभी होती, आणि दोन लाख त्या दोघांत वाटले गेले असणार.

त्या रात्री घरी येताना माझ्या डोळ्यांपुढे वडील होते.

माझे वडील मंडईजवळच्या एका सुताच्या पेढीवर मेहताजी होते. 1966 मध्ये त्यांनी स्कूटरची अनामत भरली. त्या काळी नंबर लावायचा आणि विसरून जायचं. कारखान्यांना किती बनवायचं ते सरकार ठरवून देई. आकुर्डीचा बजाज कारखाना जास्त बनवू शकत असे, पण परवान्यात तेवढा आकडा नसे. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरमध्ये बनणाऱ्या फियाटची गोष्ट हीच. लोक मुलगा शाळेत जायला लागला की नंबर लावत आणि तो कॉलेजात गेला की गाडी येई. आमचा नंबर सात वर्षांनी, 1973 मध्ये लागला. पोस्टकार्डाएवढं पत्र आलं. वडिलांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं.

ते वर्ष दुष्काळाचं. मराठवाडा आणि नगर-सोलापूरकडून माणसांचे लोंढे मागांवर काम शोधायला येत होते. सुताचा भाव चढला होता, पेढ्यांवर उलाढाल मंदावली होती, आणि माझ्या आत्याचं लग्न वैशाखात ठरलं होतं. पत्र आल्याचं कळायला दोन दिवसही लागले नाहीत. एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले, चपला बाहेर काढून आत बसले, आईने पाणी दिलं. ते म्हणाले, स्कूटरचे पैसे मी भरतो, वर दीड हजार ऑन देतो. दीड हजार म्हणजे वडिलांचा सहा महिन्यांचा पगार. मी तेरा वर्षांचा होतो. शाळेत सगळ्यांना सांगून झालं होतं, आमच्याकडे स्कूटर येणार. वडिलांनी त्या गृहस्थांकडे एक दिवस मागून घेतला. रात्री आई काही बोलली नाही. सकाळी वडिलांनी देव्हाऱ्यातलं पत्र काढलं.

त्यात एक अडचण होती. स्कूटर नुसती विकता येत नसे. मोटारींसाठी 1959 आणि स्कूटरसाठी 1960 मध्ये केंद्र सरकारने विक्री-नियंत्रणाचे आदेश काढले होते. नंबराने मिळालेलं वाहन घेतल्यापासून दोन वर्षं परवानगीवाचून विकायचं नाही. म्हणून गाडी वडिलांच्या नावावर घेतली गेली, नाव-बदलीच्या कोऱ्या कागदांवर त्यांनी सह्या करून दिल्या आणि स्कूटर त्या गृहस्थांकडे गेली. दोन वर्षं कागदोपत्री ती आमची होती. विम्याचं पत्र आमच्या पत्त्यावर यायचं. वडील नाकासमोर चालणारे. त्या दोन वर्षांत दाराशी पोलीस दिसला की त्यांचा चेहरा उतरायचा. त्यांनी कायदा मोडला होता हे मी लपवत नाही. पण आत्याचं लग्न त्या पैशांत झालं, मंगळसूत्र त्या पैशांचं, आणि त्या पैशांमागे सात वर्षांचं थांबणं वडिलांचं स्वतःचं होतं. त्यांनी स्वतःची पाळी विकली.

नाशिकच्या गाडीत आणि आमच्या स्कूटरमध्ये मला दिसलेला फरक हाच. तेव्हाचा ऑन, निदान आमच्यासारख्यांच्या घरी, थांबलेल्या माणसाच्या हातात पडला. आताचा ऑन ज्याला गाडी नकोच आहे, जो रांगेत उभा राहिला तो फक्त रांग लांब करायला, त्याच्या हातात पडतो. वडिलांनी आपलं थांबणं विकलं, हा दुसऱ्याचं थांबणं विकतो.

तेव्हाही सगळा ऑन थांबलेल्यांनाच मिळे, असं मी म्हणणार नाही. खोट्या नावांनी नंबर लावणारे तेव्हाही होते. मारुती 800 चं बुकिंग 1983 मध्ये दहा हजार अनामतीवर उघडलं आणि दोन महिन्यांत सव्वा लाखावर अर्ज आले. त्यातल्या सगळ्यांना मोटार चालवायची नव्हती हे उघड आहे. डिसेंबर 1983 मध्ये पहिली मारुती 47,500 रुपयांना मिळाली आणि सुरुवातीच्या काळात ज्याच्या हाती गाडी आली त्याला दुसऱ्या दिवशी जास्त पैसे देणारा भेटत असे.

दोन वर्षं विकायचं नाही हा नियम मी लायसन्स-राजच्या अडगळीत जमा केला होता. मग तो अमेरिकेत भेटला. फोर्ड कंपनीने आपली जीटी ही स्पोर्ट्स कार मोजकीच बनवली, घेणाऱ्यांकडून अर्ज मागवले, अर्जदार निवडले आणि करारात अट घातली, की दोन वर्षं गाडी विकायची नाही. कुस्तीपटू आणि अभिनेता जॉन सीना याने काही आठवड्यांतच ती विकली, तेव्हा 2017 मध्ये फोर्डने त्याच्यावर दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. नवी दिल्लीने 1959 मध्ये टंचाईपोटी घातलेली अट डेट्रॉइटच्या कंपनीने भरल्या बाजारात, आपखुशीने घातली. टंचाई सरकारने केलेली असो की कंपनीने ठरवून केलेली, तिच्या कडेला उभा राहणारा माणूस एकच. फेरारीसारख्या कंपन्यांचं तर धोरणच आहे, की मागणीपेक्षा गाडी कमी बनवायची.

छापील किमतीची गोष्टही सांगायला हवी, कारण तिचं नातं आमच्या गावच्या कापडाच्या धंद्याशी आहे. महायुद्धाच्या काळात कापड आणि सूत बाजारातून गायब झालं, तेव्हा 1943 मध्ये सरकारने कापड-सूत नियंत्रण आदेश काढला आणि गिरणीच्या कापडावर कमाल किमतीचा शिक्का सक्तीचा केला. वडिलांच्या पेढीवरचे जुने लोक त्या शिक्क्याची आठवण काढत. कापडावर एक किंमत, दुकानात दुसरी. अमेरिकेतल्या मोटारीच्या काचेवर किंमत आली ती पंधरा वर्षांनी. सिनेटर माइक मोनरोनी यांनी 1958 मध्ये कायदा करून घेतला, की प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीची किंमत चिकटवलेली असावी. त्याआधी विक्रेता मनाला येईल तो आकडा सांगे. तिथे ज्याला ‘स्टिकर’ म्हणतात तो हाच कागद. पण ती किंमत सुचवलेली. विक्रेत्याने त्याच्या शेजारी दुसरा कागद लावून ‘बाजारभावाची वाढ’ म्हणून दहा-वीस हजार डॉलर मागितले तर तो गुन्हा नाही. 2022 च्या सुरुवातीला फोर्ड आणि जनरल मोटर्सने अशा विक्रेत्यांना तंबी दिली ती गिऱ्हाईक कंपनीवर चिडू लागलं म्हणून. मला त्यातली एक गोष्ट घ्यावीशी वाटते. तिथला ऑन काचेवर लिहिलेला असतो. तो बिलात येतो, त्यावर कर बसतो, आणि गिऱ्हाइकाला तो वाचून पाठ फिरवता येते.

आपल्याकडे कंपनी शोरूमला जाहीर किमतीपेक्षा जास्त बिल करू देत नाही. ऐकायला बरं वाटतं. पण मागणी भरमसाट असली की तो पैसा बिलाच्या बाहेरून वाट काढतो. कधी ‘किट’ घ्यावं लागतं: मॅट, सीटकव्हर, वायझर, फूटबोर्ड, साठ हजार. कधी विमा तिथलाच घ्यावा लागतो. आणि कधी पाळीच विकली जाते, तेव्हा कुठलाही कागद नसतो.

या न लिहिलेल्या पैशाचं पुढे काय होतं, ते गाडी घेताना कुणी सांगत नाही. बँक कर्ज देते ते बिलावर, त्यामुळे ऑन खिशातूनच जातो, आणि आमच्याकडे खिसा म्हणजे पुष्कळदा बायकोचे दागिने किंवा भावकीतले उसने. विमा कंपनी गाडीचं मोल धरते ते कंपनीच्या जाहीर किमतीतून घसारा वजा करून. पहिल्या सहा महिन्यांतच पाच टक्के उतरतात. गाडी चोरीला गेली, किंवा पावसाळ्यात पाण्यात बुडून निकामी झाली, तर भरपाईत ऑनचा एक रुपया धरला जात नाही. बिलाइतकी भरपाई देणारं जादा कलम घेतलं तरी ते बिलापुरतं. त्यात नोटांनी दोन लाख किंवा त्याहून जास्त स्वीकारायला 2017 पासून मनाई आहे, आणि दंड जेवढी रक्कम तेवढा, घेणाऱ्याला. म्हणून पिशवीतली रक्कम कधी एक लाख नव्वद होते, कधी दोन दिवसांत दोनदा दिली जाते. माझ्या मित्राला मी हे सगळं सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं. हळद दहा दिवसांवर होती.

सरकारही ऑन घेतं, आणि ते मला पटतं. आरटीओतला मनपसंत नंबर. ऑगस्ट 2024 मध्ये राज्याने शुल्क वाढवलं. मोठ्या मागणीच्या शहरांत चारचाकीच्या 0001 ला चार लाखांचे सहा लाख झाले. एकाच नंबरासाठी दोघे आले तर जादा रकमेचा धनाकर्ष बंद पाकिटात द्यायचा. ज्याचा आकडा मोठा, त्याचा नंबर. हौस आहे, हौसेला मोल आहे, पावती आहे, पैसा तिजोरीत जातो. आणि एक नंबर दुसऱ्याने नेला म्हणून कुणाची गाडी अडत नाही.

सध्या खऱ्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत आपल्याकडे काय चाललं आहे ते पाहिलं की मला काळजी वाटते. परदेशात बनलेली गाडी इथल्या चाचण्यांवाचून आणायची तर संख्येला मर्यादा आहे, एका कंपनीला वर्षाला 2,500. कंपन्या तेवढ्याही आणत नाहीत. 2020 मध्ये स्कोडाने ऑक्टेव्हिया आरएस फक्त 200 आणल्या, 35 लाख 99 हजारांना, संपल्या. 2025 च्या मे महिन्यात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय आणली, 53 लाखांना. पहिल्या 150 गाड्या किंमत जाहीर होण्याआधीच बुक झाल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात नवी ऑक्टेव्हिया आरएस आली, 49 लाख 99 हजार, शंभर गाड्या. एक अब्ज चाळीस कोटींच्या देशाला शंभर. आणि त्याच वर्षी 5 जूनला समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा उघडला, नागपूरपासून 701 किलोमीटर, आणि तो संपतो आमच्या तालुक्यात, आमण्याला. रस्ता तयार, हौस तयार, पैसा तयार, गाड्या शंभर. अशा ठिकाणी ऑन मागणारा उगवला नाही तर नवल. ज्यांची लाखांत मागणी आहे त्यांच्यातही हेच. स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग 30 जुलै 2022 ला उघडलं आणि अर्ध्या तासात लाख झालं. थार रॉक्सचं 3 ऑक्टोबर 2024 ला उघडलं, तासाभरात 1 लाख 76 हजार. या लाखांत कितीजण गाडी घेणारे आणि कितीजण पाळी विकणारे, हे निवडायची काही सोय त्या रांगेत दिसत नाही.

आणखी एक सौदा सांगतो, गाडीचा नव्हे. माझ्या मित्राकडे शर्यतीचा बैलही आहे. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, मे 2023 मध्ये ती कायम झाली, आणि बैलांचे भाव आकाशाला भिडले. सांगलीकडच्या एखाद्या मोठ्या शर्यतीत पहिलं बक्षीस थार असतं, म्हणजे बैल पळाला तर बिनऑनची गाडी दारात. मुरबाडजवळ म्हसा इथे पौष पौर्णिमेला जत्रा भरते, गुरांचा मोठा बाजार. मी त्याच्याबरोबर गेलो होतो. थंडी होती, शेणामातीचा आणि कडब्याचा वास, बैलांच्या शिंगांना रंग. विकणारा म्हातारा शेतकरी, डोक्याला मफलर. मध्यस्थाने खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकला आणि रुमालाखाली बोटं बोलू लागली. याला हत्ता म्हणतात. पूर्ण मूठ, दोन बोटं, करंगळी दाबली, म्हाताऱ्याने मान हलवली, पुन्हा. बाहेरून फक्त रुमाल हलताना दिसतो. बैलाला छापील किंमत नाही, तो ज्याच्या मनात भरला त्याच्या मनाएवढा महाग. शेवटी रुमाल निघाला, मित्राने बैलाच्या कपाळाला गुलाल लावला. म्हातारा दावं हातात देताना म्हणाला, याला रात्री अंधारात ठेवू नका, बुजतो. लहानपणापासून त्यानेच चारा घातलेला. भाव चढला तो त्याच्या हातात गेला. रुमालाखालचा तो व्यवहारही झाकलेलाच, आणि झाकलेल्या सौद्यात गरीब नाडला जातो हे मी जाणतो. पण घेणारा, देणारा आणि वस्तू तिघेही त्या मैदानात समोरासमोर उभे होते.

गाडीच्या रांगेत पुढचा माणूस दिसत नाही, मागचा दिसत नाही. माझं मागणं मोठं नाही. रांग दिसू द्या. 1973 मध्ये स्कूटरच्या दुकानाच्या काचेला टंकलेखन केलेली यादी लावलेली असे, कुठल्या क्रमांकापर्यंत वाटप झालं त्याची. वडील महिन्याला एकदा कामावरून येताना तिथे थांबून बोटाने आकडा शोधत. कागद उन्हाने पिवळा व्हायचा. लायसन्स-राजच्या त्या दुकानदाराला जे जमलं, ते तासाभरात पावणेदोन लाख बुकिंग घेणाऱ्या कंपन्यांना जमू नये? बुकिंगचा क्रमांक, कालपर्यंत कुठला क्रमांक गेला, माझ्यापुढे किती. कंपनीच्या यंत्रात हे सगळं असतंच. ते गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसलं, आणि नोंदणीपासून काही महिन्यांत गाडी विकणाऱ्याला त्या कंपनीच्या पुढच्या रांगेत जागा मिळाली नाही, तर जोडून देणाऱ्यांचा धंदा बराच आटेल. ज्याला तारखेची निकड आहे त्याच्यासाठी कंपनीने शंभरातल्या पाच गाड्या उघड लिलावाला ठेवाव्यात, पहिली थार ठेवली तशा. हळद कुणाचीही असू शकते. जादा पैसे बिलात येऊ देत, त्यावर कर लागू दे, विमा तेवढ्याचा होऊ दे.

हळद झाली. थारला झेंडूचा जाड हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. नवरामुलगा टप काढून उभा होता आणि धवलारणी आत धवले म्हणत होत्या. आरसी बुकावर अजून नाशिकच्या माणसाचं नाव होतं. ते बदलायला दीड महिना गेला.

जुलै महिन्यात शोरूममधून मित्राला फोन आला. सप्टेंबरचं बुकिंग त्याने रद्द केलं नव्हतं, राहून गेलं होतं. गाडी आली आहे, घेता का? तासाभरात दुसरा फोन आला, अनोळखी नंबरवरून. “शेठ, तुमची गाडी लागली म्हणे. दीड ऑन देतो.” हे कुठून कळलं ते त्याने विचारलं, तर समोरचा हसला. मित्र मला घेऊन शोरूमला गेला. काउंटरवरच्या मुलीला म्हणाला, बुकिंग रद्द करा, माझ्या मागं ज्याचा नंबर असंल त्याला द्या गाडी. तिने अनामत परत करण्याचा अर्ज भरून घेतला, सही घेतली. मी विचारलं, पुढचा नंबर कुणाचा आहे, निदान कुठल्या महिन्याचं बुकिंग, एवढं सांगता का? ती म्हणाली, ते आम्हाला दाखवता येत नाही, सर.

बाहेर अंगणात पांढऱ्या कव्हराखाली ती थार उभी होती. मित्र एकदा तिच्याभोवती फिरला, कव्हर थोडं उचलून टायर पाहिलं, आणि पुन्हा नीट खाली ओढलं.